डाव्या हाताची रोक

होळीच्या मागेपुढे आमच्या कॉलनीच्या भिंतीपलीकडचं मोहाचं झाड पानं टाकून देतं आणि एका सकाळी खिडकी उघडली की तो वास घरात येतो. गोड, जरा आंबूस, डोकं जड करणारा. चंद्रपुरात एवढी कोळशाची धूळ, एवढ्या गाड्या, तरी हा वास सगळ्यांना बाजूला सारून माझ्यापर्यंत पोचतो. शेजारच्या बाई म्हणतात, किती छान वास सुटलाय. मी खिडकी लावून घेते. सुनेला वाटतं, म्हाताऱ्या माणसाला वारा सोसत नाही. मी तिला तसंच वाटू दिलं आहे.

यंदा त्यात भर पडली. नऊ वर्षांच्या नातीला कराटेच्या क्लासला घातलं. परवा पांढरा सदरा आणि कमरेला पट्टा अशा थाटात ती माझ्या पलंगासमोर येऊन उभी राहिली. "आजी, हे बघ. अप्पर ब्लॉक. वरून मार आला की असा अडवायचा." तिने डावी मूठ पोटापासून उचलली, तोंडासमोरून वर नेली आणि कपाळाच्या पुढे तिरपी धरली. माझ्या तोंडून निघून गेलं, "कोपर आत घे. हाड बाहेर राहू दे." ती बघत राहिली. तुला काय माहीत, म्हणाली. मी म्हटलं, मी बाई होते शाळेत, बाईंना सगळं माहीत असतं. हे उत्तर मी जन्मभर वापरलं आणि ते कुठेही खपतं.

माझं गाव धानोऱ्याच्या अलीकडचं. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, सगळा चांदाच, म्हणजे आताचं चंद्रपूर, आणि चांदाही मध्यप्रदेशात. आम्हाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. आमच्या वर्षाचे भाग वेगळे होते: धानाचे दिवस आणि मोहाचे दिवस. जंगलातली मोहाची झाडं घरोघर वाटून दिलेली असत. कागद नाही, शिक्का नाही, पण दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नसे. आमच्या वाट्याला चार झाडं होती, पळसाच्या दाटीला लागून. फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाला जाळायचा, म्हणजे काळ्या जमिनीवर पिवळट फूल चटकन दिसतं. फटफटताना टोपल्या घेऊन जायचं आणि ऊन चटका देईपर्यंत वेचत राहायचं. बोटांना राख आणि चीक लागून काळा लेप बसे, तो चैत्र संपेपर्यंत निघत नसे. त्या वर्षी धान कमी आलं होतं, त्यामुळे मोह ही गंमत नव्हती. वाळवलेली फुलं उकडून जवसाबरोबर खायची, त्यावर पावसाळ्यापर्यंत निभावायचं होतं.

आणि मोह जसा आम्हाला हवा, तसा अस्वलालाही. जंगलात त्याचं नाव घेत नसत, 'काळा' म्हणत. वाघ माणसाला बघून बहुतेकदा निघून जातो. काळ्याला धड दिसत नाही, तो दचकतो आणि दचकला की अंगावर येतो, आणि आला की तोंडावर येतो. आदल्या वर्षी आमच्या शेजारच्या भागीरथीकाकूचं अर्धं तोंड त्याने नेलं होतं. ती जगली. भिंतीकडे तोंड करून जेवायची. पाण्याला गेली की आम्ही पोरी नकळत वाट सोडायचो, आणि तिला ते कळायचं. आजही त्याची लाज वाटते.

माझी मोठी बहीण गोदा त्या वर्षी अठराची होती. मी तिला बाई म्हणायचे, मोठ्या बहिणीला आमच्याकडे तसंच म्हणतात. दिसायला फार देखणी वगैरे नव्हती, पुढच्या दोन दातांत फट होती, पण हसली की समोरचा माणूस आपलं काम विसरायचा. चामोर्शीच्या बाजारात तिला बघून एका घराने मागणी घातली, सुपारी फुटली, लग्न वैशाखात ठरलं. बाबांच्या जिवात जीव नव्हता. त्यांचं म्हणणं, यंदा हिने मोहाला जाऊ नये.

"मी नाई गेली त फुलं कोन वेचनार?" गोदाबाई म्हणाली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हे? हे त एक फूल वेचते न दोन खाते."

खोटं नव्हतं ते. बाबांनी हट्ट सोडला, कारण घरात तिच्याइतका चपळ हात दुसरा कोणाचा नव्हता.

संक्रांतीनंतर दरवर्षी गडचिरोलीहून हबीबभाऊ यायचे. पिंजारी होते. गावभरच्या रजया उसवून कापूस पिंजून द्यायचे आणि आमच्या गोठ्याच्या पडवीत मुक्काम करायचे. त्यांच्या पिंजणाची तार दिवसभर वाजायची आणि कापसाचे तंतू त्यांच्या भुवयांवर, पापण्यांवर बसायचे, त्यामुळे चाळिशीचा माणूस संध्याकाळपर्यंत सत्तरीचा दिसायचा. तरुणपणी ते मोहरमच्या आखाड्यात खेळलेले. लाठी सगळेच फिरवत, पण यांनी सिरोंच्याकडच्या एका उस्तादाकडून बिनोट शिकून घेतलं होतं. बिनोट म्हणजे हातात काहीच नसताना समोरच्याचा वार चुकवायची विद्या. "लाठी असली त कोनीबी लढते," ते म्हणायचे. "खाली हातानं काय करसान, ते सांगा."

एका संध्याकाळी बाबा त्यांच्यापुढे जाऊन बसले. "भाऊ, माह्या पोरीले थोडंसं शिकवता का? लढाले नाई. तोंड वाचवापुरतं."

हबीबभाऊंनी तार पुसून बाजूला ठेवली. म्हणाले, "एकच गोष्ट शिकवतो. डाव्या हाताची रोक. तेवढी आली त लय झालं."

पोरींना डाव शिकवणारा बाप गावाने पाहिला नव्हता. गावाने मनसोक्त हसून घेतलं. दोन-चार बायका मात्र टोपलीचं निमित्त काढून आमच्या कुंपणापाशी थांबायच्या, आणि एकदा भागीरथीकाकूही थांबली.

सकाळचं काम आटोपलं की अंगणात आमची शाळा भरायची. हबीबभाऊ आम्हाला हात लावत नसत. तार ठोकायची लाकडी ठोकणी लांब धरून तिच्या टोकाने कोपर हलवायचे, एवढीच त्यांची शिकवण. "हात डोक्यावर नाई ठेवाचा, डोक्याच्या समोर ठेवाचा. हाड भायेर, मांस अंदर. मार झेलाचा नाई, बाजूले सरकवाचा. न डोळे उघडे." बांबूच्या टोकाला रद्दी कापूस भरलेलं गोणपाट बांधून त्यांनी अस्वलाचा पंजा केला. अस्वल मी. गोदाबाईचे हात कोपरापासून मनगटापर्यंत निळे पडले, आई रोज हळद लावायची आणि हबीबभाऊंना ऐकू जाईल अशा बेताने बडबडायची.

माझी पाळी आली की मी डोळे मिटून दोन्ही हात हवेत हलवायचे. "बेटा, तू त माशी हाकलून राह्यली," हबीबभाऊ म्हणायचे. महिनाभरात माझी रोक एकदाही बरोबर बसली नाही. गोदाबाईची तिसऱ्या दिवशी बसली.

एक गोष्ट मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी बजावली होती. पंजा मारण्याआधी 'हां' म्हणायचं. स्पष्ट, मोठ्याने, आणि मगच मारायचं. मी एकदा गंमत म्हणून न सांगता मारला तर ते खरोखर रागावले. "बिनसांगता हात टाकनं बेअदबी हाय. आखाड्यात उस्तादबी पहिले आवाज देते, मंग मारते." आम्हाला ते फार आवडलं. केवढी सभ्य विद्या, सांगून मारायची. मी 'हां' म्हणायचे आणि गोदाबाईचा हात उठायचा. पुढे पुढे तर पंजाही लागेना. विहिरीवर, चुलीपाशी, कुठेही मी 'हां' म्हटलं की तिचा डावा हात आपोआप कपाळापुढे. एकदा जेवताना म्हटलं आणि भाताची थाळी उपडी झाली, तेव्हा आईने मला बदडलं आणि गोदाबाई पोट धरून हसत राहिली. बाबासुद्धा हसले. त्या फाल्गुनात आमच्या घरात जेवढं हसू होतं तेवढं पुन्हा कधी आलं नाही.

होळी झाल्यावर हबीबभाऊ निघाले. जाताना बाबांना म्हणाले, "भाऊ, आता निजा आरामात. हिच्या तोंडाले कोनी हात नाई लावू शकत." आणि बाबा खरंच त्या दिवसापासून नीट झोपू लागले.

मी पुढे छत्तीस वर्षं पोरं शिकवली. पाढे ओळीने घडाघडा म्हणणारी पोरं मी शेकड्याने पाहिली. त्यांना मधूनच तेरा सत्ते विचारलं की तोंडाकडे बघत राहतात. चूक त्यांची नसते. आपण जसं शिकवतो तसंच त्यांना येतं. हबीबभाऊंनी आम्हाला उभ्याने शिकवलं, समोरासमोर शिकवलं, हाक देऊन शिकवलं. मोह उभ्याने कोणी वेचत नाही. एवढी साधी गोष्ट, जन्मभर मोह वेचलेल्या माझ्या आईबापाच्याही ध्यानात आली नाही. दोघंही अंगणात रोज आमच्यासमोर उभी राहून बघत होती.

त्या सकाळी ऊन वर आलं होतं. भीतीची वेळ टळली, असं आम्ही धरून चाललो होतो. आसपासच्या झाडांखालून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. माझी टोपली अर्धी, तिची काठोकाठ. कंबर मोकळी करायला म्हणून मी उभी राहिले. गोदाबाई माझ्या समोर, वाकलेली, पाठ पळसाकडे. आणि पळसाच्या दाटीतून तो आला. नाक जमिनीला लावून, फुलं हुंगत, आपल्याच नादात. आम्ही तिथे आहोत हे त्याला ठाऊकही नव्हतं. तिच्या मागे पंधरा पावलं असेल. मग त्याने मान वर केली.

वेळ नव्हता असं मी म्हणू शकत नाही. वेळ होता. एक अक्षर म्हणायला किती वेळ लागतो? ते अक्षर मी महिनाभर दिवसातून पन्नास वेळा म्हटलं होतं. गोदाबाईचा हात त्या एका अक्षराची वाट बघत होता, दुसऱ्या कशाची नाही. मी म्हटलं असतं तर ती वाकलेली असो की झोपलेली, तो हात उठला असता. याची मला तेव्हाही खात्री होती, आजही आहे.

माझा घसा उघडला नाही. उठला तो माझा हात. डावा. कोपर आत, हाड बाहेर, कपाळाच्या समोर, आणि डोळे टक्क उघडे. जन्मात पहिल्यांदा माझी रोक बरोबर बसली, आणि तिच्या आडून मी माझ्या बहिणीकडे बघत उभी राहिले. तो धावला. शेवटच्या क्षणी पावलांचा आवाज ऐकून ती वळली, मुठीत फुलं होती, आणि पुढचं मी सांगणार नाही.

बायका डबे बडवत आल्या, तो पळाला. बाबा धावत आले. तिला उचलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू कुठी होती? तुले दिसलं नाई?"

"मी पाठमोरी होती," मी म्हणाले.

तेव्हा आवाज लगेच फुटला.

लग्नासाठी दळून ठेवलेली हळद तिच्या जखमांत भरली आणि बैलगाडीतून तिला गडचिरोलीला नेलं. ती वाचली. डावा डोळा, नाक आणि गालाचा बराच भाग गेला. वैशाखात मुलाचे वडील चामोर्शीहून आले. अंगणात बसले, बियाण्याचं बोलले, यंदा पाऊस लवकर येईल म्हणाले, चहा घेतला. मुलगी कशी आहे, हे त्यांनी विचारलं नाही. बाबांनीही सांगितलं नाही. निरोप घेताना दोघांनी एकमेकांना हात जोडले आणि त्यातच सगळं मोडलं.

भर पावसात हबीबभाऊ चालत आले. त्यांना बाजारात कोणीतरी सांगितलं होतं. पडवीत उभे राहिले, आत येईनात. गोदाबाईच पदर तोंडावर ओढून बाहेर गेली. मी दाराआड होते.

"भाऊ, तुमची काई चूक नाई," ती म्हणाली. "तुमी बराबर शिकवलं. माहाच हात उशिरा उठला."

"नाई बेटा," हबीबभाऊ म्हणाले. "मी उभ्यानं शिकवलं. वाकून शिकवाले पायजे होतं. उस्ताद कोनाले म्हनावं मले?"

दोघं भांडत होती, माझी चूक, माझी चूक, म्हणून. मधे फक्त दाराची एक फळी होती. मला एक पाऊल टाकायचं होतं. मी चुलीपाशी जाऊन लाकडं सारत बसले. हबीबभाऊ त्यानंतर आमच्या गावात आले नाहीत. पुढच्या वर्षी दुसरा पिंजारी आला, त्याच्या तारेचा आवाज मला कर्कश वाटायचा.

मी शिकले, मास्तरीण झाले, चंद्रपूरला आले, आणि गोदाबाईला घेऊन आले. लोक म्हणाले, काय बहीण आहे, मोठ्या बहिणीला टाकलं नाही. माझी मुलं तिने वाढवली. तिने कधी फोटो काढू दिला नाही, लग्नाकार्याला आली नाही, भाजीवाल्याशीही पदराआडून बोलली. पण मोहाच्या दिवसांत ती मजेत असायची, ओळखीच्या बाईकडून फुलं मागवून मुलांना उकडून द्यायची. नाक दाबून घरात फिरायचे ते मी.

एकदा शाळेतून लवकर आले तर ती स्वयंपाकघरात एकटीच होती. ओट्याशी वाकायची, आणि वाकल्या वाकल्या डावा हात झटकन वर न्यायची. पुन्हा वाकायची, पुन्हा हात. केस पिकले होते तिचे तेव्हा. माझा मुलगा लहान असताना तिला विचारायचा, मोठ्या आई, तुझ्या तोंडाला काय झालं? ती सांगायची, "मी शिकली होती रे, पन आळस केला. तू अभ्यासात आळस नको करू." आणि तो बिचारा खरंच पुस्तक घेऊन बसायचा.

सांगायचं मी अनेकदा ठरवलं. या दिवाळीनंतर, मुलाची परीक्षा झाल्यावर, मी रिटायर झाल्यावर. स्वतःला समजावत राहिले की आता सांगून तिचं काय भलं होणार, उलट जीव जळेल. हे सगळं बहाण्याचं बोलणं. ती रागावेल याची मला भीती नव्हती. ती मला माफ करून टाकेल आणि संध्याकाळी माझ्यासाठी भाकरी टाकेल, याची होती. तसं झालं असतं तर मी कुठे तोंड लपवलं असतं?

परवा मी नातीच्या क्लासला गेले. तिचे सर तरुण आहेत, नम्र आहेत. पोरं रांगेत उभी, सर आकडे मोजतात, प्रत्येक आकड्याला चाळीस हात वर. मी सरांना म्हटलं, अधूनमधून न मोजता मारून बघा ना, वाकलेलं असताना बघा. ते हसले. "आजी, बेसिकमध्ये काउंटवरच असतं." मी बरं म्हटलं. या वयात भांडायला गेलं की लोक खुर्ची देतात आणि पाणी आणतात, ऐकत मात्र नाहीत. नातीला नंतर घरी मी तेच सांगायला गेले, तर तिने कार्टून लावलं.

गोदाबाईला जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटी शेवटी ती फार बोलत नव्हती. थंडीचे दिवस होते, मी तिच्या पायाला तेल लावत होते. ती एकदम म्हणाली, "मालू, तुले एक सांगू? त्या दिवशी मी पडली ना, तवा पहिले मनात आलं, मालू कुठी हाय. मंग बाबानं विचारलं न तू बोलली, ते आयकाले आलं मले. इतकं बरं वाटलं. म्हनलं, पोरगी पाठमोरी होती, तिनं नाई पाह्यलं. पाह्यलं असतं त जलमभर झोपली नसती ते."

मी तेल लावत राहिले.

"नाई पाह्यलं ना तू?" तिने विचारलं. एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती. पदर बाजूला सरला होता आणि तिने तो ओढून घेतला नव्हता.

"नाई," मी म्हणाले. "मी पाठमोरी होती."

तिने समाधानाने मान हलवली आणि दुसरा पाय पुढे केला.